फ्रेडरिक डग्लस यांचे बालपण : आईविषयीच्या दोन हकिकतींचा मेळ कसा घालावा?

सायली_वाचते (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनगटात, अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढे गुलामगिरीविरोधी वक्ते व लेखक झालेले फ्रेडरिक डग्लस यांच्या बालपणाविषयी बोलण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले आहे. त्यानिमित्ताने त्यांची १८४५ आणि १८५५ सालची आत्मकथने एकापाठोपाठ वाचली आणि एका जागी अडकून बसले.

१८४५ च्या पुस्तकात ते म्हणतात की, आईला आई म्हणून आपण चार-पाच वेळांहून अधिक पाहिले नाही, आणि तेही दर वेळी रात्रीच. मालकाने तिला सुमारे १२ मैलांवरच्या एका शेतावर भाड्याने दिले होते. दिवसभराचे काम उरकून ती पायी यायची, मुलाला जवळ घेऊन निजवायची आणि तो जागा होण्याच्या आत परत निघायची, कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसले की फटके ठरलेले. ते सातेक वर्षांचे असताना ती वारली. आजारपणात, शेवटच्या घटकेला किंवा पुरताना त्यांना तिच्याजवळ जाऊ दिले गेले नाही, आणि परक्या माणसाच्या मृत्यूने वाटावे तितपतच आपल्याला वाटले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवले होते.

दहा वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकात मात्र हीच आई वेगळी होऊन भेटते. तिचा चेहरा त्यांना आठवतो, तिची चाल आठवते, ती एका रात्री येऊन मुलाला उपाशी ठेवणाऱ्या स्वयंपाकिणीला खडसावते, आणि तिला वाचता येत होते हेही तिथे कळते. पहिल्या पुस्तकात यातले काहीच नाही.

मधल्या दहा वर्षांत आठवण बदलली, की लिहिण्याचा हेतू बदलला? श्रोत्यांपुढे मी कोणती आई ठेवावी? आणि ज्या माणसाला स्वतःची जन्मतारीखही माहीत नव्हती, त्याने सांगितलेल्या बालपणातले किती बाहेरच्या पुराव्यावर टिकते, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

दप्तरखाना

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कागदोपत्री देता येते.

डग्लस यांचा पहिला मालक एरन अँथनी हा कर्नल एडवर्ड लॉइड यांचा मुख्य कारभारी होता. लॉइड हे मेरिलँडचे गव्हर्नर राहिलेले, पुढे सिनेटवर गेलेले बडे जमीनदार. टॅल्बट परगण्यातले त्यांचे वाय हाऊस म्हणजे भोवतालच्या सगळ्या मळ्यांची राजधानीच. या अँथनीने स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या जन्माची वही ठेवली होती. तिच्यात हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८, अशी एका ओळीची नोंद आहे. डिक्सन प्रेस्टन या पत्रकाराने १९८० मध्ये डग्लस यांच्या मेरिलँडमधल्या वर्षांवर पुस्तक लिहिले, त्यातून ती सर्वांसमोर आली. डग्लस स्वतः १८१७ धरून चालत. म्हणजे ते मानत होते त्याहून वर्षाने लहानच होते. नोंदीत आईचे नाव आहे आणि बापाचे नाही, यात कारकुनी हलगर्जीपणा नव्हता. कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरत असल्यामुळे बाप कोण, याच्याशी मालमत्तेच्या वहीला कर्तव्यच नव्हते. बाप गोरा होता आणि तो म्हणजे मालकच, अशी कुजबुज मळ्यावर होती, एवढेच डग्लस सांगतात.

दुसरा पुरावा शत्रूच्या हातून आलेला आहे आणि मला तो फार आवडतो. १८४५ चे पुस्तक निघाल्यावर मेरिलँडमध्ये राहिलेल्या थॉम्पसन नावाच्या एका गृहस्थांनी ते खोटे ठरवण्यासाठी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. आपण या फ्रेडरिक बेलीला (हे डग्लस यांचे गुलामगिरीतले नाव) ओळखत होतो, तो अगदी सामान्य, न शिकलेला होता, त्याच्या हातून असे पुस्तक होणेच शक्य नाही, असा त्यांचा सूर होता. डग्लस यांनी उत्तरात त्यांचे आभार मानले. इतके चांगले बोलणारा माणूस कधी गुलाम असूच शकत नाही, असे उत्तरेकडचे श्रोते म्हणत होते, आणि तो खरोखर गुलाम होता याची साक्ष दक्षिणेकडच्या माणसाने न मागता दिली होती.

तिसरी गोष्ट वाटणीची. अँथनी नोव्हेंबर १८२६ मध्ये मृत्युपत्र न करता मेला, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच्या मालमत्तेची वाटणी झाली. तोवर बाल्टिमोरला पाठवलेल्या नऊ वर्षांच्या फ्रेडरिकला त्यासाठी परत आणण्यात आले, आणि माणसे, घोडे, मेंढ्या, डुकरे यांची किंमत एकाच दिवशी, एकाच पद्धतीने ठरवली गेली. तो वाट्याला आला अँथनीचा जावई थॉमस ऑल्ड याच्या, आणि त्याने मुलाला पुन्हा बाल्टिमोरला धाडले.

वाय हाऊसच्या आवारात मेरिलँड विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकात उत्खनन केले आहे. डग्लस ज्याला लाँग ग्रीन म्हणतात त्या मोकळ्या पट्ट्यावर गुलामांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. सहा वर्षांचे मूल म्हणून पाहिलेला परिसर त्यांनी किती नेमका लक्षात ठेवला होता, याची तिथे खातरजमा होते. आईविषयी मात्र दप्तर काहीच बोलत नाही. तिथे जाणत्या वाचकांनी बोलावे.

उत्तररात्र

सायलीताई, आपण ज्या वाक्यापाशी थांबलात त्याच्या आधीची दोन-तीन वाक्ये पुन्हा वाचून पाहा. आईचा सहवास, तिची माया आणि देखरेख आपल्याला फारशी मिळालीच नाही, असे सांगून मग ते परक्या माणसाची उपमा देतात. त्यात निर्विकारपणा आहे असे मला वाटत नाही. आपल्याला रडूही आले नाही, हीच तिथली तक्रार आहे, आणि ती आईविरुद्ध नाही.

आता १८५५ मधली ती रात्र. त्याआधी तिची पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. मुलगा पहिली सहा वर्षे टकाहो ओढ्याजवळ आजी बेट्सी बेली हिच्या खोपटात वाढला. मासे धरण्याची जाळी विणण्यात तिचा हात कोणी धरत नसे, आणि रताळ्याची रोपे तिने लावली की हमखास लागतात अशी तिची ख्याती होती. खोपट मातीच्या जमिनीचे, पण मुलाला ते राजवाड्यासारखे वाटे. १८२४ च्या उन्हाळ्यात आजी त्याला घेऊन १२ मैल चालत वाय हाऊसला आली. वाटेत काही अंतर तिने त्याला खांद्यावरही घेतले. तिथे त्याला पेरी, सारा आणि एलायझा ही भावंडे दाखवून खेळायला पिटाळले. भाऊ-बहीण हे शब्द त्याने ऐकले होते, पण त्यांचा अर्थ त्याला उमगत नव्हता. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि इतरांचे खेळणे बघत बसला. तेवढ्यात एक पोर धावत येऊन ओरडले की आजी गेली. त्याने स्वयंपाकघरात जाऊन पाहिले, रस्त्यावर पाहिले, आणि मग जमिनीवर पडून रडत राहिला. भावंडांनी हातावर ठेवलेली फळे त्याने भिरकावून दिली.

त्या स्वयंपाकघरावर केटी नावाच्या बाईचे राज्य होते. तीही गुलामच, पण मुलांचे अन्न तिच्या हातात, आणि फ्रेडरिकवर तिचा विशेष राग. एके दिवशी काही आगळीक झाली म्हणून तिने त्याला दिवसभर उपाशी ठेवले. रात्री इतरांना भाकरी वाटून झाली तरी याच्या वाट्याला काही आले नाही, तेव्हा याने फळीवरचे मक्याचे कणीस हेरले, तिची पाठ वळताच मूठभर दाणे काढून घेतले आणि चुलीच्या राखेत भाजले. ते खायला बसणार तोच दारात आई उभी. तिने ते दाणे बाजूला केले आणि त्याच्या हातात आल्याचा मोठा केक ठेवला, आणि मग केटीकडे वळून तिला असे सुनावले की ती बाई गप्पच झाली. केक हृदयाच्या आकाराचा होता आणि त्याच्या कडेने गडद रंगाची चकाकती रेघ होती, हेसुद्धा डग्लस तीस वर्षांनी सांगतात. आपण नुसते एक मूल नाही, कुणाचे तरी मूल आहोत, हे त्या रात्री आपल्याला कळले, असे ते लिहितात. तो झोपला, आणि उठला तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर ती दिसल्याची आठवण नाही.

ज्याने आई चार-पाच वेळाच पाहिली, त्याला त्यातली एक वेळ केकच्या कडेसकट आठवावी, यात मला विसंगती दिसत नाही. उलट भेटी मोजक्या होत्या म्हणूनच ती तशी आठवत असावी.

शंकेखोर

उत्तररात्र यांचे विवेचन सुंदर आहे, पण ते डग्लस यांना थोडे अधिक भोळे समजते, असे मला वाटते. १८५५ चे पुस्तकही हेतूशिवाय लिहिलेले नाही.

१८४५ चे पुस्तक बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने छापले, त्याला गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी गॅरिसन यांची प्रस्तावना होती, आणि ती एक प्रकारची साक्ष होती : नावे, ठिकाणे, मालक, फटके. साक्षीदाराने आईच्या केकबद्दल बोलू नये, अशी अपेक्षाच होती म्हणा. १८५५ पर्यंत गॅरिसन यांच्याशी त्यांचे फाटले होते, त्यांनी रॉचेस्टरला स्वतःचे वर्तमानपत्र काढले होते, आणि या नव्या पुस्तकाला प्रस्तावना जेम्स मॅक्क्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरांची होती. तोवर त्यांच्याविषयी एक वाक्य कानी येऊ लागले होते, की याची बुद्धी गोऱ्या बापाकडून आली. आईला वाचता येत होते, टकाहो भागातल्या गुलामांत आणि इतर काळ्या माणसांतही ते तिला एकटीलाच येत होते, ही गोष्ट ते नेमकी तेव्हा पुढे आणतात. अक्षरांची ओढ मला गोऱ्या बापामुळे नाही, काळ्या, असहाय, कोणी न शिकवलेल्या आईच्या अंगभूत प्रतिभेमुळे लाभली, असे ते स्पष्ट शब्दांत सांगतात. ही आठवण नाही, हा युक्तिवाद आहे. शिवाय आईला वाचता येते हे त्यांना तिच्या मृत्यूनंतर कळलेले, म्हणजे ऐकीव आहे.

चेहऱ्याचेही तसेच. आईचे चित्र नव्हते, म्हणून मानववंशांवरच्या एका ग्रंथातले एक चित्र पाहून आपल्याला तिची आठवण होते, असे ते म्हणतात. आणि ते चित्र प्राचीन इजिप्तच्या एका राजाच्या मस्तकाचे आहे. त्या काळी इजिप्तचे लोक गोरे होते की काळे, यावर अमेरिकेत पंडितांची भांडणे चालली होती, हे ध्यानात घेतले की या निवडीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

उत्तररात्र

शंकेखोर यांचा मुद्दा मान्य करते, राजाच्या चित्राविषयी तर पूर्णच. पण युक्तिवादाला उपयोगी पडली म्हणून आठवण खोटी ठरत नाही. ज्याच्याकडे आईची एकही वस्तू नाही, त्याने परक्या पुस्तकातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून ‘अशी होती’ म्हणावे, यात मला पंडितांच्या भांडणाहून काहीतरी वेगळेच दिसते.

सायली_वाचते

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक विचारते. बाल्टिमोरला थॉमसचा भाऊ ह्यू ऑल्ड याने आपल्या बायकोला लहान फ्रेडरिकला वाचायला शिकवण्यापासून अडवले, हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो. वाचता आले की गुलाम गुलाम राहत नाही, हे गुलामगिरीचे गुपित मालक स्वतःच मुलासमोर उघड करतो, हे मला जरा नाटकासारखे वाटते. या प्रसंगाचे वजन किती धरावे?

गलबत

प्रसंग घडला असेल, पण त्याला प्रमाणाबाहेर महत्त्व मिळाले आहे, असे माझे मत आहे. शिकणे त्यानंतर झाले, आणि ते घरात झाले नाही.

१८२६ च्या मार्चमध्ये आठ वर्षांचा फ्रेडरिक मेंढ्या वाहून नेणाऱ्या एका शिडाच्या गलबतातून बाल्टिमोरला पोहोचला. तोवर तो काय होता, हेही पाहा. मळ्यावरच्या मुलांना वर्षाला दोन जाडेभरडे सदरे मिळत, चड्डी नाही, जोडा नाही. मक्याच्या पिठाची लापशी लाकडी द्रोणीत ओतून जमिनीवर ठेवत आणि मुले कालवांच्या शिंपल्यांनी ती ओरपत. जो भराभर खाईल त्याचे पोट भरे. थंडीत तो धान्याच्या चोरलेल्या पोत्यात डोके घालून झोपे, पाय बाहेरच राहत. ज्या लेखणीने मी हे लिहितो आहे ती माझ्या पायांच्या भेगांत मावली असती, असे ते १८४५ मध्ये लिहितात. मालकाची मुलगी ल्युक्रेशिया हिने शहरात जाण्याआधी अंग घासून काढलेस तर तुला विजार मिळेल असे सांगितले, तेव्हा तीन दिवसांतला बहुतेक वेळ तो ओढ्यात बसून मळ काढत होता.

फेल्स पॉइंट या बंदराच्या वस्तीत ह्यू ऑल्डच्या घरी त्याला ऑल्डच्या लहान मुलाला सांभाळायचे होते. सोफिया ऑल्ड लग्नाआधी विणकाम करून पोट भरणारी. तिच्या हाताखाली पूर्वी कधी गुलाम नव्हता. तिने मुळाक्षरे शिकवली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत आणले, आणि तिथे नवऱ्याने थांबवले. असे शिकवणे कायद्याविरुद्ध आहे, असेही तो म्हणाला. गंमत अशी की, शेजारच्या व्हर्जिनियात तसा कायदा पुढे झाला, मेरिलँडमध्ये तो कधीच नव्हता. कायद्याचे काम रिवाजच करत होता.

पुढचे शिक्षण गोदीत झाले. जहाज बांधताना सुतार लाकूड तासून तयार झाले की ते कुठे बसवायचे याची खूण त्यावर करत : जहाजाच्या डाव्या बाजूसाठी ‘एल’, उजवीसाठी ‘एस’, डाव्या बाजूचा पुढचा भाग ‘एल एफ’, मागचा ‘एल ए’, आणि उजवीकडेही तसेच. सुतार जेवायला गेले की हा त्या खुणा गिरवत बसे. अशी चार अक्षरे हाती आली. मग शिकलेला कुणी मुलगा भेटला की हा म्हणे, मलाही तुझ्याइतके लिहिता येते. तो म्हणे, दाखव. हा ती चार अक्षरे काढून दाखवी आणि म्हणे, याच्यापुढे जाऊन दाखव. मुलगा ईर्ष्येने पुढची अक्षरे काढी आणि याचा धडा होई. वही म्हणजे कुंपण, विटांची भिंत आणि फरसबंदी. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा. घरचा मुलगा शाळेतून लिहून संपलेल्या वह्या आणे, त्यांतल्या ओळींच्या मधल्या जागेत हा तसेच अक्षर काढायचा प्रयत्न करी.

वाचायला शिकवले रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांनी. ऑल्डच्या घरात भाकरीला तोटा नव्हता, आणि त्या मुलांच्या घरी होता. हा खिशात भाकरी घेऊन निघे, त्यांना देई, आणि बदल्यात धडा घेई. त्यांची नावे १८४५ मध्ये त्यांनी छापली नाहीत, कारण गुलामाला शिकवल्याचा ठपका त्यांच्यावर आला असता.

बारा-तेरा वर्षांचा असताना बूट पुसून जमवलेल्या ५० सेंटांत त्याने भाषणांचा एक संग्रह विकत घेतला. त्यात पळून पकडला गेलेला गुलाम मालकाशी वाद घालतो आणि शेवटी मालक त्याला मोकळे करतो, असा एक संवाद होता. त्याच सुमारास ‘अ‍ॅबॉलिशन’ (रद्द करणे, नाहीसे करणे) हा शब्द मोठ्या माणसांच्या तोंडून त्याच्या कानावर पडे, आणि तो रागाने उच्चारला जाई. शब्दकोशात पाहिले तर ‘अ‍ॅबॉलिश करण्याची क्रिया’ असा अर्थ दिलेला. नक्की काय अ‍ॅबॉलिश करायचे, ते कोशात नव्हते. विचारायची सोय नव्हती. वॉशिंग्टन या राजधानीच्या जिल्ह्यातली गुलामगिरी बंद करावी, अशा अर्जांची बातमी शहराच्या वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा त्याला उलगडा झाला. वाचनगटात ऑल्डच्या भाषणाऐवजी हा शब्दकोशाचा प्रसंग सांगावा, असे मी सुचवीन.

दप्तरखाना

गलबत यांच्या सूचनेला अनुमोदन. एक दुरुस्ती मात्र सायलीताईंच्या कामाची आहे, कारण आजीविषयी बोलताना ती लागेल. १८४५ च्या पुस्तकात, आजीला म्हातारपणी रानातल्या खोपटात एकटे मरायला सोडून दिले, असा फार परिणामकारक उतारा आहे, आणि १८४८ मध्ये थॉमस ऑल्डला लिहिलेल्या उघड पत्रातही डग्लस यांनी त्याच्यावर तोच आरोप ठेवला. पुढच्याच वर्षी, ऑल्डने तिला आपल्या घरी आणून सांभाळल्याचे कळल्यावर, त्यांनी दुसरे उघड पत्र छापून आपली चूक मान्य केली. तो उतारा वाचून दाखवणार असाल तर हे पत्रही सांगावे.

शेवटचा दुवा १८७७ चा. डग्लस तेव्हा राजधानीच्या जिल्ह्याचे मार्शल होते. मेरिलँडमधल्या सेंट मायकल्स गावी अंथरुणाला खिळलेल्या थॉमस ऑल्डच्या भेटीला ते गेले. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. दोघांनाही काही वेळ बोलता आले नाही. आजी माझ्या मालकीची कधी नव्हतीच, वाटणीत ती माझ्या मेहुण्याकडे गेली होती, मी तिला इथे आणून अखेरपर्यंत सांभाळले, असे ऑल्डने सांगितले. मग डग्लस यांनी आपला जन्म कधीचा ते विचारले. वाढदिवस माहीत नसल्याचा मला फार त्रास होत आला आहे, असेही ते म्हणाले. ऑल्ड म्हणाला, दिवस सांगता येणार नाही, पण फेब्रुवारी १८१८ असावा. वहीतही तेच होते.